हाताबाहेरची परिस्थिती

"‘युवर्स फेथफुली’ला अरबीत काय म्हणायचं, उस्ताद?"

उस्ताद बद्रुद्दीन हमदुले अंगणात उकिडवे बसून रातांब्याची सोलं उलटी करत होते. मे महिन्याचं ऊन होतं आणि चटईभर सोलं वाळत पडली होती.

"कोण म्हणतंय ते?"

"पत्र लिहिणारा."

"कुणाला?"

"ज्याला पत्र लिहिलंय त्याला. शेवटी लिहितात तसं. मी तुमचा निष्ठावंत, खाली सही."

"आहे का तो निष्ठावंत?"

मुदस्सरला हसू आलं. "उस्ताद, ते नुसतं म्हणायचं असतं."

"असं होय," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी पुढचं सोल उलटं केलं.

मुदस्सर सारखोत चोवीस वर्षांचा होता. मुंबईला राहून इंग्रजी घेऊन बी. ए. झाला होता, तेही पहिल्या वर्गात, आणि ही गोष्ट गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होती. गेली तीन वर्षं तो उस्तादांकडे अरबी शिकत होता. त्याच्याजवळ एक जाड वही होती. तिच्यात इंग्रजी पत्रांतली चारशे बारा ठरावीक वाक्यं डाव्या बाजूला आणि त्यांची अरबी उजव्या बाजूला लिहिलेली होती. वहीत एकही खाडाखोड नव्हती. चारशे तेरावं वाक्य तेवढं अडलं होतं.

उस्तादांकडे वही नव्हती. तीस वर्षं ते मस्कत, सूर, बसऱ्याच्या जहाजांवर मुन्शी होते. आता म्हातारपणी घरी बसून अरबी पत्रं मराठीत आणि मराठी पत्रं अरबीत करून देत. बंदरावर कुठलाही अरबी कागद आला की माणसं आधी विचारत, हमदुल्यांच्या हातचा आहे का? आहे म्हटलं की पुढचं कुणी वाचत नसे.

मुदस्सरला उस्तादांचा इजाजतनामा हवा होता. एक साधा कागद. त्यावर उस्तादांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की याचं काम ते माझंच काम समजा. तो कागद हाती आला की मुदस्सर भाषांतरकार, नाही तर नुसता वहीवाला. दोनदा त्यानं मागून पाहिलं होतं. पहिल्यांदा उस्ताद म्हणाले, पावसानंतर बघू. पावसानंतर गेला तेव्हा म्हणाले, कुठल्या पावसानंतर ते मी कुठं सांगितलं होतं?

आज तो तिसऱ्यांदा आला होता आणि रिकाम्या हातानं आला नव्हता.

खाडीच्या काठावर धाकू मिस्त्री गेली दोन वर्षं एक गलबत बांधत होता. ओमानातल्या सूरचा एक नाखुदा, म्हणजे जहाजाचा कप्तान, होता, सालिम बिन राशिद, त्याचं ते गलबत. मागच्या दिवाळीला ते पाण्यात उतरायचं होतं. दिवाळी गेली, शिमगा गेला, आता पावसाळा तोंडावर आला आणि समुद्र बंद व्हायची वेळ झाली. म्हणजे गलबत आता निघणार ते पुढच्या दिवाळीला. नाखुद्याचा एक अख्खा हंगाम बुडाला होता आणि तो उद्या मुंबईहून टॅक्सी करून स्वतः येत होता. गलबत ठेवायचं की नको म्हणून सांगायचं, ते तो उद्या ठरवणार होता. नको म्हणाला तर धाकू आणि त्याच्या हाताखालच्या सात सुतारांची दोन वर्षं फुकट जाणार होती.

गलबताचा सौदा जमवणाऱ्या मुंबईच्या एजंटानं नाखुद्याला वाचून दाखवायला एक इंग्रजी पत्र टाइप करून पाठवलं होतं. ते अरबीत करायचं काम मुदस्सरकडे आलं. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू,’ अशी त्याची सुरुवात होती. आपणांस कळवण्यास आम्हांला खेद होतो की ‘ड्यू टू सर्कमस्टान्सेस बियॉन्ड अवर कंट्रोल’, म्हणजे आमच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे, गलबत देण्यास विलंब झाला आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

मुदस्सरनं उभं राहून आपली अरबी वाचून दाखवली. छान वाचली. ‘हाताबाहेरच्या परिस्थिती’साठी त्यानं असे भारदस्त शब्द शोधले होते की वाचताना त्याचा त्यालाच अभिमान वाटला.

उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं.

"एक चूक नाही," ते म्हणाले.

मुदस्सरचा चेहरा उजळला.

"यात धाकू कुठं आहे?"

मुदस्सरनं कागदावर बोट ठेवलं. "हा इथं. परिस्थितीमध्ये."

"तिथं त्याला बसायला जागा आहे का?"

मुदस्सर जरा घुश्शातच म्हणाला की, पत्र एजंटाचं आहे, धाकूकाकांचं नाही. आपलं काम लिहिलंय ते पोचवायचं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तुम्हीच शिकवलंत.

"शिकवलं खरं."

...

"मग पोचव," उस्ताद म्हणाले. "उद्या मी येतो गलबताच्या मांडवात. नाखुद्याला पोचलं, की त्याच बैठकीत इजाजतनामा लिहून देतो."

मुदस्सर घरी गेला तो जवळजवळ पळतच. वाटेत त्यानं पत्र चारदा म्हटलं. आईनं विचारलं, जेवतोस ना? त्यावर त्यानं तिला अरबीतून उत्तर दिलं आणि तिनं काही न बोलता ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला नाखुदा आला. साठीचा, उंच, पांढरा पायघोळ अंगरखा, डोक्यावर नक्षीची गोल टोपी, हातात पातळ काठी. गलबत झावळ्यांच्या मांडवाखाली उभं होतं, पण त्यानं मान वर करून तिकडे पाहिलं नाही. आधी माणसांना सलाम केला, मग चपला काढून चटईवर बसला. उस्तादांनी घरून कहवा करून आणला होता. खजूर होता. धाकूच्या बायकोनं घावन करून पाठवले होते. सुतार लांब उभे होते आणि धाकू त्यांच्यापुढे दोन पावलं, हातातला रंधा ठेवायचंसुद्धा विसरून.

मुदस्सर बसला नाही. पत्र उभं राहून वाचायचं असतं, असं कॉलेजात शिकवलं होतं.

नाखुद्यानं खजूर उचलला, मुदस्सरकडे पाहून हसला आणि विचारलं, "काय खबर?"

आता, तिकडच्या जुन्या माणसांची एक रीत आहे. पाहुणा आणि यजमान समोरासमोर बसले की एकमेकांना खबर विचारतात. उत्तर ठरलेलं, खबर चांगली. घरात काय वाट्टेल ते झालेलं असो, पहिलं उत्तर तेच. मग कहवा होतो, गुरांची, पावसाची, मुलाबाळांची चौकशी होते आणि खरी खबर नंतर सावकाश एकेक करून बाहेर येते. मुदस्सरच्या वहीत ‘काय खबर’ होतं. चांगलं ठळक अक्षरात होतं. पण खबर कधी सांगायची ते वहीत नव्हतं.

त्याला वाटलं, विचारलं की लगेच सांगायचं. त्यानं घसा साफ केला, कागद उघडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "आपणांस कळवण्यास आम्हांला अत्यंत खेद होतो की आमच्या हाताबाहेरच्या..."

नाखुद्याच्या हातातला खजूर तसाच राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं; ‘खबर चांगली’ एवढंही म्हणवत नाही, म्हणजे नक्कीच कुणीतरी दगावलं असणार. तो गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं.

"किती माणसं गेली?"

मुदस्सरला काही कळेना. त्यानं कागदाकडे पाहिलं. कागदावर या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. वहीतली चारशे बाराच्या चारशे बारा वाक्यं त्याच्या डोक्यातून अशी पसार झाली की जणू ती तिथं कधी नव्हतीच.

"काय म्हनतायत?" धाकूनं विचारलं.

मुदस्सरनं उस्तादांकडे पाहिलं. तीन वर्षांत त्यानं त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. बुडणारा माणूस काठावरच्या माणसाकडे पाहतो, तसं तो पाहत होता.

उस्ताद चटईवर थोडे बाजूला सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हलकेच थाप मारली.

...

मुदस्सर बसला. बसल्यावर त्याचं आणि नाखुद्याचं अंतर एकदम कमी झालं, कारण नाखुदाही खाली बसला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मुदस्सरनं ते पहिल्यांदाच पाहिलं आणि त्याला मनापासून लाज वाटली. त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"खबर चांगली आहे," तो म्हणाला. "माणसं सगळी आहेत. ही काय, समोर उभी आहेत."

"सगळी?"

"सगळी. मोजून घ्या."

नाखुद्यानं खरोखर मोजली. सात सुतार आणि धाकू. मग त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मागे उभ्या असलेल्या सुतारांनाही हायसं वाटलं, का ते त्यांना ठाऊक नसतानाही.

"आणि तुमच्याकडची?" मुदस्सरनं विचारलं. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"चांगली," नाखुदा म्हणाला. "नातू झाला."

कहवा झाला. दुसरा झाला. नातवाचं नाव काय, झोपतो का, कुणावर गेलाय, सगळं बोलून झालं. नाखुद्यानं अजूनही गलबताकडे पाहिलं नव्हतं. धाकूची मात्र घालमेल चालली होती. तो पुढे आला, चटईच्या कडेला टेकला आणि मुदस्सरला म्हणाला, "त्येला सांग, गलबताचा कना मी सोता फोडला."

मुदस्सरनं चमकून पाहिलं. "धाकूकाका, पत्रात तसं नाहीये."

"पत्र मी नाय लिवलं. गलबत मी केलंय."

"पण पत्रात म्हटलंय की परिस्थिती हाताबाहेर..."

"ह्याच हातात होती की." धाकूनं दोन्ही पंजे पुढे केले. डाव्या हाताचं एक नख काळं पडलेलं होतं. "फळ्या मारून झाल्या होत्या. एक दिस कन्यावर हातोडी ठोकली तं बद्द आवाज आला. आतून लाकूड सडत होतं. वरनं डांबर फासलं असतं तं दिवाळीला पानी दाखवलं असतं. कुनाच्या बाला कळलं नसतं. सांग त्येला."

मुदस्सरनं पुन्हा उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद घावन खात होते आणि त्यांचं सगळं लक्ष घावनात होतं.

एजंटाचं पत्र मुदस्सरच्या खिशात होतं आणि ते पोचलं नाही तर कागद मिळणार नव्हता. तीन वर्षांची वाट, दोनदा ऐकलेला नकार आणि काल रात्री आईसमोर बोललेली मोठी मोठी वाक्यं, सगळं त्याला आठवलं. बाजूला धाकू पंजे तसेच पुढे धरून बसला होता.

मुदस्सर नाखुद्याकडे वळला आणि त्यानं सांगितलं. भारदस्त शब्द त्याला आठवेनात, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. या माणसानं कणा, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, ठोकून पाहिला. आवाज बद्द आला. यानं सगळ्या फळ्या उतरवल्या, कण्याचा सडका भाग कापून काढला आणि नवं लाकूड आणलं. लाकूड रानातून यायला दोन महिने, वाळायला तीन, मग पुन्हा सगळ्या फळ्या. यानं हे स्वतः केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

नाखुदा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर मुदस्सरवरून धाकूवर गेली आणि तिथंच राहिली.

"बद्द म्हणजे कसा?" त्यानं विचारलं.

मुदस्सरनं विचारलं. धाकूनं सांगितलं नाही. तो उठला, नाखुद्याचा हात धरला आणि त्याला गलबताखाली घेऊन गेला. मुदस्सर मागोमाग धावला. धाकूनं कापून काढलेला जुना तुकडा ठेवून दिला होता. त्यावर त्यानं हातोडी मारली. मग नव्या कण्यावर मारली. नाखुद्यानं हातोडी मागून घेतली आणि स्वतः दोन्हीवर मारून पाहिली. मग आणखी एकदा. नव्या लाकडाचा आवाज सरळ टोकापर्यंत जात होता. म्हातारा खुदकन हसला.

मग तो बोलू लागला. त्याच्या थोरल्या भावाचं एक गलबत होतं. त्याचा कणा असाच सडका होता, आणि विकणाऱ्यानं तो डांबराखाली झाकला होता. बसऱ्याहून येताना भर समुद्रात पाणी शिरलं. तीन दिवस भाऊ, आपण आणि एक स्वयंपाकी मिळून पातेल्यानं पाणी उपसत होतो, आणि स्वयंपाकी सारखा रडत होता, जिवाला घाबरून नव्हे तर पातेलं परत मिळणार नाही म्हणून. हे सांगताना नाखुदा इतका हसला की त्याला काठीचा आधार घ्यावा लागला. मुदस्सरनं ते धाकूला सांगितलं, आणि धाकूही हसला, आणि मग सात सुतारांनाही हसू आवरेना.

"मग पातेल्याचं काय झालं?" धाकूनं विचारलं.

"माझ्याकडे आहे," नाखुदा म्हणाला. "भाऊ गेला. पातेलं आहे."

धाकूनं मान हलवली. तो म्हणाला की त्याच्या बापाचा लाकूड तासायचा वाकस त्याच्याकडेही आहे, दांडा चारदा बदलला, पण वाकस तोच. नाखुद्यानं तो पाहायला मागितला. मग फळ्यांचे सांधे निघाले, फटी बुजवायचं सुंभ आणि राळ निघाली, नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, किती उंच हवी यावर वाद निघाला. धाकू म्हणाला, आहे ती बरोबर आहे. नाखुदा म्हणाला, चार बोटं उंच हवी. धाकूनं जमिनीवर काटकीनं लाटा काढून दाखवल्या. नाखुद्यानं तीच काटकी घेऊन त्याच्याकडच्या लाटा काढल्या, त्या जास्त मोठ्या होत्या. धाकूनं जरा वेळ डोकं खाजवलं आणि चार बोटं कबूल केली. मुदस्सर दोघांच्या मध्ये होता. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, त्याला शब्द शोधायलाही वेळ नव्हता. मध्येच त्यानं नाखुद्याला मराठीत काहीतरी सांगितलं आणि धाकूला अरबीत, आणि ती चूक कुणाच्या लक्षातही आली नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा नाखुद्यानं धाकूचे दोन्ही पंजे हातांत घेतले. काळं पडलेलं नख त्यानं अंगठ्यानं जपून चोळलं.

"सांग याला," तो म्हणाला, "दिवाळी नाही जमली तर शिमगा. घाई करू नकोस म्हणावं. माझी मुलं यात बसणार आहेत."

मुदस्सरनं सांगायला तोंड उघडलं. पण धाकू आधीच मान डोलावत होता आणि डोळे पुसत होता.

टॅक्सी गेली. सुतार घावनांवर तुटून पडले. गलबताचा सौदा टिकला होता, आणि मांडवात एखाद्या बारशाला असावी तशी गडबड उडाली होती. कुणीतरी धाकूला उचलायचा प्रयत्न केला आणि त्यानं शिव्या दिल्या.

उस्ताद कहव्याचे पेले धुऊन टोपलीत ठेवत होते. मुदस्सर त्यांच्याजवळ येऊन बसला. खिशातून पत्र काढून त्यानं चटईवर ठेवलं.

"नाही पोचलं, उस्ताद. पहिल्या ओळीतच अडकलं. पुढचं मी वाचलंच नाही."

"हं."

"कागद मागायला तोंड नाही मला. मागत नाही."

उस्तादांनी आणखी एक पेला पुसला.

"वही घेऊन आलास का?"

"नाही. घरीच राहिली."

...

मुदस्सर खाडीकडे पाहत राहिला. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की त्याला अजिबात वाईट वाटत नाहीये. उलट इतकं बरं वाटत होतं की कुणाला तरी सांगावं असं वाटलं.

"एक गंमत सांगू, उस्ताद? शेवटी शेवटी दोघांपैकी कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. मी मध्ये उभा होतो, बोलत होतो, आणि ते एकमेकांशीच बोलत होते. मी नसल्यासारखाच."

तो हसला. त्याचं हसू थांबेना.

उस्तादांनी हात लुंगीला पुसले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला एक कोरा कागद काढला, गुडघ्यावर सपाट केला आणि लेखणीचं टोपण उघडलं.

"सांग," ते म्हणाले, "यावर तुझं नाव कसं लिहू?"